तारीख सांगून येणारं संकट

"कुणी सांगितलं असतं तर अंगणात निजलो असतो."

माझे आजोबा हे एकच वाक्य पुढची अकरा वर्षं बोलत राहिले. जेवता जेवता, बैलांना वैरण टाकता टाकता, कधी पाहुण्यांसमोर, कधी नुसतंच भिंतीकडे तोंड करून. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा निजलं होतं. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. घर माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांना सांगते: दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. त्या पहाटे तीच गार माती खाली आली. मी नऊ वर्षांची होते, आजीला बिलगून ओसरीवर निजले होते म्हणून राहिले. आतल्या खोलीत धाकटी आत्या होती, बाळंतपणाला आलेली, आणि तिचं दीड महिन्याचं बाळ.

जवळपास १० हजार माणसं गेली त्या पहाटे. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आमचंही गाव आता जुन्या जागेवर नाही.

आज मी परभणी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांमध्ये जाऊन लघुग्रहांबद्दल बोलते. कधी मारुतीच्या पारावर, कधी बुद्धविहारात, कधी बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर. लोक विचारतात, "मॅडम, पाणी न्हाई, सोयाबीनला भाव न्हाई, आन् तुम्ही आभाळातल्या धोंड्याचं काय सांगायलाव?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझं उत्तर आजोबांच्या त्या वाक्यात आहे. भूकंपाची तारीख जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. लघुग्रहाची येते. धोंडा एकदा नीट सापडला की तो कुठल्या वर्षी, कुठल्या दिवशी, किती वाजता कुठे असेल हे गणिताने काढता येतं. हाताशी पुरेशी वर्षं असतील तर त्याला वाटेवरून बाजूलाही सारता येतं. ज्या पोरीच्या घरात "कुणी सांगितलं असतं तर" हे वाक्य अकरा वर्षं घुमलं, तिला ही गोष्ट किती मोठी वाटत असेल याची कल्पना करा.

पण तारीख सांगणं ही जोखमीची गोष्ट आहे, हेही मी लहानपणीच शिकले. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. त्या दिवसांत आठवड्याला एक आवई उठायची. "आज रात्री बाराला मोठा धक्का हाय." कोण म्हणालं, कुठून आलं, काही पत्ता नसायचा. बायका लेकरांना घेऊन रानात जाऊन बसायच्या आणि सकाळी अंगावर दव घेऊन परत यायच्या. पाचव्या की सहाव्या वेळी आई उठलीच नाही. "येऊ दे आता," म्हणाली आणि कुशीवर वळली. खोट्या तारखेने माणसाचं काय होतं ते मी त्या रात्री पाहिलं. आजोबा तेव्हा स्कायलॅबची आठवण काढायचे. ११ जुलै १९७९ ला अमेरिकेची ती अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून आमच्या गावात कुणी कोंबड्या कापल्या, कुणी पुरणाचा घाट घातला, आजोबांच्या चुलत भावाने तर शेळ्या विकून आलेले पैसे खाण्यापिण्यात उडवले. स्कायलॅबचे तुकडे पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. शेळ्या काही परत आल्या नाहीत.

म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्या पोटात गोळा आला, तो धोंड्याच्या भीतीने आला नव्हता.

२७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला एक नवा ठिपका सापडला होता. नाव मिळालं २०२४ वायआर४. आकार साधारण ६० मीटरच्या आसपासचा. २२ डिसेंबर २०३२ या दिवशी तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता गणितात दिसू लागली. जानेवारीच्या शेवटी ती शंभरात एकच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. आदळलाच तर कुठे, याचा जो पट्टा काढला होता तो प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून आपल्या उपखंडापर्यंत येत होता. मग काय, टीव्हीवर लाल अक्षरं, मागे ढोल, मोबाइलवर भारताच्या नकाशावर ओढलेली रेघ. माझ्या शाळेतली दोन पोरं रात्री झोपेनात म्हणून त्यांच्या आया शाळेत आल्या.

त्यातली एक म्हणाली, "मॅडम, आदी एक टक्का म्हनले, मंग दोन, आता तीन. वाढतच चाललंय म्हंजी येनारच की." ऐकून वाटलं, हिचं काय चुकलं? भाव वाढत गेला, ताप वाढत गेला, नदीचं पाणी वाढत गेलं, तर आपण असंच समजतो. टक्के वाढतात म्हणजे संकट जवळ येतंय. हे वेगळं आहे हे तिला कुणीच समजावलं नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पारावर बसले आणि तिच्याच गोठ्यातला कासरा मागवला. चांगला लांब कासरा होता. तो पारावर सरळ पसरला आणि माझ्या हातातली एक काचेची बांगडी काढून त्याच्याखाली ठेवली, मधोमध नाही, थोडी एका टोकाकडे. "ही बांगडी म्हणजे आपली पृथ्वी. आणि हा कासरा म्हणजे २२ डिसेंबर २०३२ ला तो धोंडा जिथं जिथं असू शकतो ती सगळी जागा. असणार तो एकाच ठिकाणी. पण त्याला पाहून आपल्याला जेमतेम काही आठवडे झालेत, म्हणून नेमका कुठे ते सांगता येत नाही." पोरांनी बांगडीने कासरा मोजला. शंभर बांगड्यांना थोडाच कमी भरला. म्हणजे धोंडा बांगडीवर असण्याची शक्यता शंभरात एक.

"आता दुर्बिणींनी त्याला आणखी पाहिलं. इथं तो नसणार, इथंही नसणार, एवढं कळलं." दोन पोरांनी दोन्ही टोकांकडून कासरा गुंडाळत आणला. तेहतीस बांगड्यांएवढा उरला. बांगडी अजून त्याच्याखालीच. तेहतिसात एक, म्हणजे शंभरात तीन. धोंडा तसूभरही हलला नव्हता. कासरा आखूड झाला होता, एवढंच. "गुंडाळ अजून," मी म्हणाले. पोराने बांगडीच्या बाजूचं टोक आणखी दोन वेढे गुंडाळलं आणि बांगडी उघडी पडली. दगडावर नुसती बांगडी, कासरा तिच्या पलीकडे.

ती बाई वाकून बघत होती. "सुटली की," म्हणाली.

आणि खरोखरच तसं झालं. ३.१ च्या आकड्यानंतर आठवडाभरात ती शक्यता लाखात चारवर उतरली. आकडा चढला तेव्हा जे टीव्हीवाले दिवसभर ओरडत होते त्यांनी तो उतरल्याचं एका ओळीत उरकलं. याचा मला अजून राग आहे. पण ज्या शास्त्रज्ञांनी चढता आकडाही रोजच्या रोज सगळ्या जगासमोर उघडा ठेवला, त्यांना मी मनापासून हात जोडते. लोक घाबरतील म्हणून आकडा दाबून ठेवणं त्यांना सहज जमलं असतं. मग पुढच्या वेळी त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवला असता? एका शिबिरात मला एका मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, "खेड्यातल्या लोकांना टक्केवारी कळत नाही, त्यांना नुसतं 'काही होत नाही' म्हणायचं." ज्या माणसाने जूनमध्ये ढगांकडे बघून, उसनवारीचं बियाणं मातीत टाकायचं की चार दिवस थांबायचं हे दरवर्षी ठरवलं आहे, त्याला शक्यता कळत नाही? त्याच्याइतकी ती कुणालाच कळत नाही. त्याला फक्त कासरा दाखवावा लागतो.

लोणार आमच्यापासून जवळ आहे. जिल्हा बुलढाणा, म्हणजे हद्द ओलांडली की विदर्भ, पण आमच्या पोरांना ती हद्द ठाऊक नाही. दरवर्षी हिवाळ्यात एसटीने नेते. काठावर उभं राहिलं की साधारण १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर एकदम पायाखाली उघडतं आणि सगळ्यात बडबडी पोरंही गप्प होतात. आधी गोमुखाची गोड्या पाण्याची धार, मग दैत्यसूदनाचं देऊळ, मग लवणासुराची गोष्ट. विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि आत दडलेल्या असुराला मारलं, ही गोष्ट मी टाळत नाही. वरून काहीतरी आलं आणि जमिनीत खड्डा झाला, एवढं त्या गोष्टीत आहेच. खाली उतरून पाण्याला हात लावला की बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात, इतकं ते खारं आणि क्षारयुक्त आहे.

पोरांचा प्रश्न दरवर्षी तोच असतो. "मॅडम, धोंडा कुटाय?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण मोठमोठ्या माणसांनाही तोच पडला होता. १८२३ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर दीडशे वर्षं बरेच जण हे ज्वालामुखीचंच तोंड समजत होते. सगळा दख्खन ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, मग दुसरं काय सुचणार? शेवटी इथल्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. साध्या आगीने ती होत नाही, प्रचंड वेगाच्या आघाताने दगडातलं स्फटिक मोडून होते. १९७३ मध्ये तो पुरावा छापून आला आणि प्रश्न मिटला. धोंडा स्वतः त्या आघातात वितळून, वाफ होऊन गेला. काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेली अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच, म्हणून चंद्र आणि मंगळाच्या अभ्यासकांना लोणारचं एवढं मोल. हे सगळं मी सांगते, पण पोरांच्या लक्षात राहते ती बोटांची बुळबुळ. राहू दे. तिला धरूनच बाकीचं आठवतं.

परत आल्यावर गावातल्या एका आजोबांकडे जायचं. ते पूर्वी ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं राखायचे. आता त्या रानात सोयाबीन आहे, पाखरं राखायला कुणी जात नाही, पण गोफण त्यांनी खुंटीला जपून ठेवली आहे. ताग वळून केलेली, मधल्या खोळीला तेलाचा काळा चकाकता डाग. मी त्यांना म्हणते, एकच दगड दोनदा मारा, आणि दुसऱ्या वेळी दोर सोडताना बोट किंचित आधी उचला. पहिला दगड बांधावरच्या बोरीत जातो. दुसरा बोरीपासून दहा-बारा हात लांब. "सुटताना बोटभर फरक," ते पोरांना सांगतात, "बांधावर जाईस्तोवर मोप होतो." लघुग्रह कसा टाळायचा याचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. आदळायच्या आदल्या दिवशी धोंड्याला ढकलायला डोंगराएवढी ताकद लागेल. दहा वर्षं आधी हलकासा धक्का पुरतो, बाकीचं काम अंतर करतं. म्हणून आधी सापडणं महत्त्वाचं. पृथ्वीच्या जवळून जाणारे ४० हजारांहून जास्त लघुग्रह आजवर सापडलेत. एक किलोमीटरहून मोठे बहुतेक सगळे ठाऊक झालेत. पण १४० मीटरहून मोठे जे अंदाजे २५ हजार असावेत, त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत.

तो धक्का खरोखर देऊन पाहिला गेला त्या पहाटेबद्दल मला लिहायचं होतं. २७ सप्टेंबर २०२२. आदल्या दिवशी घट बसले होते. सासूबाई अखंड दिव्यात तेल घालायला उठल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात मोबाइल तांब्याला टेकवून बसले होते.

"एवढ्या पहाटं काय बघायलीस?"

"एक यान धोंड्यावर आदळणार आहे, आई."

त्याही बसल्या. डार्ट नावाचं ते यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने चाललं होतं. डिडिमॉस हा मोठा लघुग्रह, आणि त्याच्याभोवती फिरणारा छोटा डायमॉर्फस, साधारण १६० मीटरचा. पृथ्वीपासून १ कोटी १० लाख किलोमीटरवर. दोघांपैकी कुणाचाच आपल्याला धोका नव्हता, फक्त करून बघायचं होतं. सेकंदाला एक असं चित्र येत होतं. आधी नुसता ठिपका, मग मोठा बाजूला सरकला आणि धाकटा पुढे आला. शेवटच्या मिनिटात तो असा वाढत गेला की मी मागे सरले. वर धोंडेच धोंडे. रस्त्याच्या कामावर खडीचा ढीग ओततात तसा. एकेका धोंड्याची सावली दिसत होती. शेवटचं चित्र अर्धवटच आलं आणि थांबलं. ४ वाजून ४४ मिनिटं झाली होती.

"आपटलं?"

"आपटलं."

"जानूनबुजून?"

"जाणूनबुजून, आई."

त्या दिव्याकडे बघत थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मानसानं एवढं तरी शिकावं."

डायमॉर्फसला डिडिमॉसभोवती एक फेरी घालायला आधी ११ तास ५५ मिनिटं लागायची. निदान ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी, असं ठरलं होतं. पडला सुमारे ३२ मिनिटांचा. कारण तो खडीचा ढीगच होता. आघाताने चुरा मागे उधळला आणि त्या उधळण्यानेही धोंड्याला पुढे रेटलं. हे आकडे आले तेव्हा मी शाळेत होते, तासावर होते. फळ्यावर ३२ लिहिलं आणि पाठमोरी उभी राहिले, कारण तोंड पोरांकडे करता येईना. त्या धक्क्यानंतर तीन दिवसांनी किल्लारीला २९ वर्षं झाली होती.

मला आणखी एका शिक्षिकेबद्दल सांगायचं आहे. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरचा लघुग्रह हवेतच फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कुठल्याच दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. सकाळची शाळा भरलेली. आधी आभाळात डोळे दिपवणारा झोत, आवाज काहीच नाही. लोक काय झालं बघायला खिडक्यांपाशी गेले. दोन-अडीच मिनिटांनी हादरा पोचला आणि काचा फुटल्या. सुमारे १५०० माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनीच. एका शाळेत चौथीच्या वर्गावर असलेल्या बाईंना तो झोत कशाचा ते ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी मुलांना लगेच बाकांखाली घुसायला लावलं. ४४ मुलं, एकालाही ओरखडा नाही. बाई उभ्या होत्या, त्यांचा हात काचेने कापला. या बाई मला कधी भेटणार नाहीत. पण मी माझ्या वर्गात महिन्यातून एकदा "झोत!" असं ओरडते, आणि ३१ पोरं खिडकीकडे न बघता बाकांखाली जातात. बाहेरून जाणाऱ्यांना हा खेळ वाटतो. मी तो खेळ म्हणून घेत नाही.

मागच्या वर्षी आम्ही शाळकरी मुलांसाठी असलेल्या लघुग्रहशोध मोहिमेत भाग घेतला. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रं येतात, आभाळाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली चार. ती एकामागून एक फिरवायची. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका टप्प्याटप्प्याने पुढे सरकला तर तो लघुग्रह असू शकतो. शाळेच्या एकुलत्या एका संगणकावर सातवीतली एक मुलगी दोन तास बसली होती. सगळे तिच्या खांद्यावरून वाकून "हा बघ, हा बघ, टाक खूण" म्हणत होते. ती मान हलवत राहिली. "तिसऱ्या फोटूत तो सरळ रेषेत न्हाई," म्हणाली, "मी खोटी खूण टाकनार न्हाई." त्या दिवशी काहीच सापडलं नाही. मी घरी जाताना तिच्यासाठी रेवड्या घेतल्या.

आता पुढची तारीख. १३ एप्रिल २०२९, शुक्रवार. अपोफिस नावाचा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून फक्त ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, आपल्या दूरदर्शनच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. २००४ मध्ये तो सापडला तेव्हा त्याचीही शक्यता २.७ टक्क्यांवर चढली होती, मग जुनी छायाचित्रं मिळाली आणि कासरा सरकला. २०२१ मध्ये रडारने मोजल्यावर पुढची निदान शंभर वर्षं त्याचा धोका नाही हे पक्कं झालं. तो सगळ्यात जवळ येईल तेव्हा आपल्या घड्याळात १४ एप्रिलची पहाट असेल, ३ वाजून १६ मिनिटं.

विहारात हे सांगितलं तेव्हा जयंती मंडळातला एक तरुण हसला. "मॅडम, त्या राती आमी जागेच असताव." खरंच की. बाराच्या ठोक्याला बाबासाहेबांना वंदन असतं, मग सकाळच्या मिरवणुकीची तयारी. निळ्या पताका, रांगोळ्या, खिरीचं दूध. त्याने मंडळाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं: २०२९, रात्री १२ वंदन, ३.१६ अपोफिस.

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. बैठक उठल्यावर काठी टेकत जवळ आली. तीही मूळची औशाकडची, बोलण्यावरून कळलं.

"लेकी, खरं सांग. त्या राती घरात निजावं का भायेर?"

"घरात निजलं तरी काही होत नाही, आजी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "मी अंगणातच वाकळ टाकते. तू बी ये."

येते म्हणाले.